शूटिंगची हळद

१२ मार्च, बुधवार

आज सकाळी मी हळद दळली. पहाटे नदीवर अंघोळ केली, ओल्या पंच्यानं घरी आलो आणि तोंडात पाणीसुद्धा न घेता जात्यावर बसलो. माझी स्वतःची पिठाची गिरणी आहे, बटण दाबलं की काम होतं. पण देवाची हळद गिरणीत घालत नाहीत. ती उपाशीपोटी, जात्यावरच दळायची असते. तसं पाहिलं तर ही हळद देवाची नव्हती, गावात शूटिंग चाललेल्या सिनेमाची होती. माझी बायको सुलक्षणा दारात उभी राहून बघत होती.

"शूटिंगला एवढं सोवळं कशाला वो?"

मी म्हणालो, "दुसरी हळद माझ्या हातानं लागत न्हाई."

सिनेमा काढणाऱ्या अनुपमा मॅडमना मी जे सांगितलं तेच इथं लिहून ठेवतो. चैत्रातल्या यात्रेत भैरवनाथासमोर बारा गाड्या ओढायचा मान आमच्या घरात आहे. बारा बैलगाड्या एकीमागं एक बांधतात, गाव त्यात बसतं, आणि हळद लागलेला एक माणूस साखळी कमरेला बांधून त्या वेशीपासून देवळापर्यंत ओढत नेतो. लोक त्याला देवाचा नवरदेव म्हणतात. हळद लागल्यापासून गाड्या ओढेपर्यंत त्यानं पायात काही घालायचं नाही, अळणी खायचं, खाली घोंगडीवर झोपायचं आणि गावची शीव ओलांडायची नाही. दक्षिणेला आमची शीव म्हणजे भीमेचा पूल. पलीकडं दौंड तालुका लागतो.

हळदीसोबत काही शब्द म्हणायचे असतात. ते बापानं मुलाच्या कानात सांगायचे. शब्दांशिवाय हळद ही नुसती हळद. शब्द म्हटले की माणूस बांधला गेला. हे मात्र मी मॅडमना सांगितलं नाही.

सिनेमात विक्रम अशाच घरातला मुलगा झाला आहे. माझा मुलगा माझ्याच घरातला मुलगा होण्याचं सोंग करतो आहे, याचं मला सकाळपासून नवल वाटत होतं. मॅडमनी एक पुडी दाखवली. "काका, रंग आणलाय आम्ही. डाग पडत नाही याचा."

"मॅडम, डाग पडायलाच लावत्यात ती."

त्या हसल्या. म्हणाल्या, "मग तुम्हीच लावा. तुमचा हात खरा दिसेल."

मी लावली. आधी कपाळाला, मग खांद्यांना, मग छातीला. लावताना माझे ओठ हलले. वडील गेल्यापासून दरवर्षी मी माझी हळद मीच लावून घेत आलो, शब्दही मीच म्हणत आलो. सवय असते. मनात काही नव्हतं.

गाड्यांच्या मागं ट्रॅक्टर लपवून लावला होता. तो ढकलायचा, विक्रमनं पुढं ओढल्यासारखं करायचं आणि पोटातून ओरडायचं. "अजून वरून, विक्रम, अजून फाटका आवाज!" असं मॅडम सांगत होत्या. दिवसभर धुरळ्यात तेच चाललं होतं. संध्याकाळी पोराचा आवाज बसला होता. सुलक्षणानं दूध तापवून दिलं.

१३ मार्च, होळी

इम्रान आला होता. केडगावचा पोरगा, विक्रमचा जुना दोस्त. विक्रम रॅप म्हणतो त्याला मागचा ठेका इम्रान बनवतो. या सिनेमात त्याला आवाज टिपायचं काम मिळालं आहे. कानावर मोठे डबे लावून तो दिवसभर उन्हात उभा असतो, आणि त्याचे रोजे चालू आहेत. सूर्य बुडाल्यावर सुलक्षणानं त्याला खजूर आणि पुरणपोळी दिली. "मामी, रोजा पुरनपोळीनं सोडला म्हनून सांगितलं तर आमची आई हिकडंच राहायला येईल," म्हणाला.

नंतर तो माझ्याजवळ येऊन बसला. हळूच विचारलं, "मामा, हळदीच्या टायमाला तुमी काय म्हनत हुता? माइकमधी आलंय."

"देवाचं नाव."

"मॅडम म्हनत्यात, ठिवू. लय भारी वाटतंय."

"पुसून टाक."

"पुसतो. तुमी म्हनला की पुसलं." मग म्हणाला, "पन तवा विक्रमनं तुमच्याकडं बघितलं, मामा. सीनमधी वर बघायचं नव्हतं त्याला."

हे त्यानं मला का सांगितलं ते कळलं नाही.

१५ मार्च, शनिवार

आज गिरणीवर गर्दी नव्हती. बसल्या बसल्या विक्रमचा विचार करत होतो.

शिरूरला आयटीआय करून तो रांजणगावला एका कंपनीत कंत्राटावर लागला होता. कोरोनाच्या साली काम सुटलं आणि हा घरी बसून वहीत काहीबाही लिहायला लागला. माझ्या गिरणीच्या पट्ट्याचा आवाज इम्राननं मोबाइलवर घेतला आणि त्यावर यानं पहिलं गाणं म्हटलं. रॅपर म्हणून नाव घेतलं ‘फाटा’. मी म्हटलं, अरे, फाट्यावर कुणी राहत नाही, उतरतात आणि निघून जातात. तो म्हणाला, "आण्णा, म्हनूनच." ते गाणं माझ्यावरच होतं असं लोक सांगतात. मला त्यातलं एवढंच पाठ आहे:

त्याच्या मागं गाव सारा, माझ्या मागं सुपरवायझर,
त्याच्या अंगाला भंडारा, माझ्या हाताला सॅनिटायझर.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता. देवाची चेष्टा वाटली. पण ते लाखो लोकांनी ऐकलं. मग टीव्हीवरची स्पर्धा झाली, त्यात तो शेवटच्या चारात आला. मग एका मालिकेत गुंडाच्या मागं उभा राहायचं काम मिळालं. दुसऱ्याच भागात त्याला गोळी लागली. सुलक्षणा रडायला लागली, तशा शेजारच्या सरूबाई ओरडल्या, "अगं बये, त्यो तर आत्ता फाट्यावर चा पितोय!"

आता हा सिनेमा, मोठं काम. आणि एप्रिलमध्ये कोल्हापुरात दुसरा सिनेमा सुरू होतो आहे, त्यातही तो आहे. नेमका यात्रेच्या आठवड्यात. त्यानं मला माघातच सांगितलं होतं, "आण्णा, औंदा मला जमनार न्हाई." माझा गुडघा गेला आहे. गेल्या वर्षी गाड्या पारापाशी थांबल्या, पोरांनी मागून हात लावला म्हणून देवळापर्यंत पोचल्या. आमच्याकडून कुणी उभा राहिला नाही तर मान माझ्या चुलतभावाकडं, खंडूकडं जाईल. एकदा गेलेला मान परत येत नाही. असा रिवाज आहे.

मला वाटतं, गाण्यात तो स्वतःचं बोलत होता. सिनेमात दुसऱ्यानं लिहिलेलं बोलतो. यातलं त्याला बरं कोणतं वाटतं, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

१७ मार्च, सोमवार

विक्रम मुंबईला गेला. सिनेमाचं उरलेलं शूटिंग तिकडं आहे, इम्रानही सोबत गेला. या पाच दिवसांत विक्रम फार कमी जेवला. भाजीत वरून मीठ घेईना, आईलाही घालू देईना. हिरो लोकांना वजन सांभाळावं लागत असेल.

गाडीपर्यंत गेलो. बूट हातात धरले होते. म्हटलं घाल की. म्हणाला, चावतात. मला सांगायचं होतं, अरे, पूल ओलांडू नकोस. पण कोणत्या तोंडानं सांगणार? मनात काही नव्हतं असं मी इथंच लिहिलं आहे. शेवटी म्हणालो, "पुलावर खड्डा हाय, गाडी हळू घ्यायला सांग."

पुलाच्या अलीकडं गाडी बराच वेळ थांबलेली दिसली. तो खाली उतरून वाकला होता. फोटोबिटो काढत असावा. मग गाडी गेली.

२४ मार्च, सोमवार

इम्रानचा फोन आला. विक्रमचा आवाज गेला. बसला नाही, गेलाच. तोंड उघडलं तर नुसती हवा येते. डॉक्टर म्हणाले, घशात गाठी आल्या आहेत, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. नंतरचं नंतर बघू.

"घाबरू नका मामा, ओरडून ओरडून झालंय ते. लय सिंगर लोकान्ला व्हतं," इम्रान म्हणाला.

सुलक्षणानं हे ऐकून देवापुढं दिवा लावला. मी देवघरात गेलो नाही. तिकडं तोंड करून बसवेना. इम्रानला काय माहीत ते काय होतं आणि कशानं झालं. ज्याच्यावर शब्द म्हटले त्यानं शीव ओलांडली. देवानं शब्दाच्या बदल्यात शब्द घेतला.

२६ मार्च, बुधवार

विक्रम आता मोबाइलवर लिहितो. बोलत होता तेव्हा आमचं बोलणं जेवलास का, पाऊस आहे का, एवढंच असायचं. आज त्यानं पानभर लिहिलं. समोरच्या इमारतीतला एक म्हातारा रोज खिडकीत कबुतरांना दाणे टाकतो आणि मग त्यांनाच शिव्या देतो, असं काहीबाही. मला हसू आलं. किती दिवसांनी त्याच्यामुळं हसलो.

शेवटी लिहिलं होतं: आण्णा, तुम्हाला काही सांगायचं आहे का?

मी लिहिलं, काळजी घे.

३० मार्च, गुढीपाडवा

रिवाजाप्रमाणं देवळात गाव बसलं. हळद पाडव्याला लागते. यात्रा कमिटीचे अध्यक्ष पोपटराव मधोमध बसले होते.

"मच्छिंद्रा, बोल. औंदा नवरदेव कोन?"

मी म्हटलं, "पोरगं आजारी हाय."

"आजारी हाय का बिझी हाय?" मागून कोणीतरी बोललं. दुसरा म्हणाला, "त्याला आता ट्रॅक्टर लागतुय मागनं!" सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

खंडू उभा राहिला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, अंगानं दणकट. हात जोडून म्हणाला, "आण्णा, तुमी म्हनला तर मी उभा ऱ्हातो. न्हाई म्हनला तर बसतो." त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, आणि तेच मला झोंबलं.

पोपटरावांनी मार्ग काढला. "पुनवंपत्तोर थांबू. पुनवंला हळद लागली पायजे, मंग कुनाचीबी असंना. मच्छिंद्रा, साखळी तुज्या घरात हाय. पुनवंला ती घिऊन ये आन् मानूसबी घिऊन ये."

घरी येऊन गुढी उतरवली. साखळी देवघरात खुंटीला आहे. तिच्याखालून जाताना आज मी मान खाली घातली.

३१ मार्च, सोमवार

ईद म्हणून केडगावला इम्रानच्या घरी गेलो. दरवर्षी जातो. त्याची आई हमीदाबाई शिरखुर्मा वाट्या भरभरून देतात, नको म्हटलेलं त्यांना ऐकू येत नाही.

मला कोणाला तरी सांगायचं होतं. गावात सांगता येत नव्हतं, घरात तर नाहीच. इम्रान बाहेर गेला तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. हळद, शब्द, पूल, घसा. त्या ऐकत होत्या आणि वाट्या पुसत होत्या.

म्हणाल्या, "त्याला ठावं हुतं का, तुमी खरं लावताय त्ये?"

"न्हाई."

"मंग त्यानं नियत केलीच न्हाई की. आमच्यात रोजा धरायचा तर आदी नियत करावी लागती, आपल्या मनानं. मी इम्रानच्या नावानं नियत केली आन् त्याला उपाशी ठिवला, तर त्यो रोजा न्हवं भाऊ, ती उपासमार झाली."

"पन शब्द तर म्हटले गेले."

"कुनी म्हटले?"

"मी."

"मंग बांदलं कोन गेलं?"

मला राग आला. त्यांच्या धर्मात आणि आमच्या देवात फरक आहे, असं मनात म्हटलं. उठून निघालो. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत उन्हात उभा राहिलो. मालगाडी फार लांब होती.

२ एप्रिल, बुधवार

आजवर ते शब्द मी म्हटले आणि मीच बांधलो गेलो. दुसऱ्यावर कधी म्हटलेच नव्हते. दुसऱ्यावर म्हटले तर काय होतं हे मला खरंच माहीत नाही. वडिलांनी एवढं सांगितलं नव्हतं.

६ एप्रिल, रामनवमी

विक्रम आला. इम्रानच्या मोटरसायकलवर मागं बसून आला, पाय अनवाणी. तळव्यांना भेगा पडल्या आहेत. सुलक्षणा बघतच राहिली.

तो मोबाइलवर लिहायचा आणि इम्रान मोठ्यानं वाचायचा. मध्ये मध्ये इम्रान स्वतःचं घुसडायचा, मग विक्रम त्याच्या पाठीत गुद्दा घालायचा.

"त्यो म्हनतोय, आण्णा, मला पहिल्यापासनं ठावं हाय. तुमचं ओठ हालत हुतं तवाच समजलं. त्यो म्हनतोय..." इम्रान थांबला. विक्रमनं मोबाइल पुढं केला. "त्यो म्हनतोय, त्या दिवसापासनं मी अळनीच खातोय. फ्लॅटमधी फरशीवर झोपतोय. हे खरं हाय मामा, मी बघितलंय, मला वाटलं ह्यो कसल्या रोलची तयारी करतोय. मेकअपवाली पोरगी ह्याच्या पायाला रोज शिव्या घालायची."

मी विचारलं, "आन् पूल?"

विक्रमनं खिशातून रुमालाची गाठ काढली. आत माती होती. पुलाच्या अलीकडची, आमच्या शिवेतली. गाव सोबत घेऊन गेला होता.

मग त्यानं लिहिलेलं इम्राननं एकदम वाचलं नाही. आधी विक्रमकडं बघितलं. "कोल्हापूरचा सिनेमा सोडतोय म्हनतोय. यात्रेला गाड्या वढनार म्हनतोय. आवाज देवानं नेलाय, देवच दील म्हनतोय." आणि मग स्वतःचं, "मी ह्याला येडा म्हनतोय. हे वाचत न्हाई, हे मी बोलतोय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी विक्रमच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला वाटलं असेल, बाप हळहळतो आहे. मला आनंद झाला होता. पोरगा पडद्यावर गेला, मुंबईला गेला, आणि तरी आमचाच राहिला. देवानं ऐकलं, असं वाटलं.

सुलक्षणा माझ्याकडं बघत होती. मग उठून आत गेली आणि भांडी आपटायला लागली.

८ एप्रिल, मंगळवार

गावभर झालं. पोपटराव स्वतः गिरणीवर आले. "शाबास रं मच्छिंद्रा, पोरगं वाघ निगालं," म्हणाले. पारावर त्याच्या नावाचा फ्लेक्स लावणार आहेत. मी दळण फुकट करून देत होतो, आणि लोक हसत होते.

संध्याकाळी अनुपमा मॅडमचा फोन आला.

"काका, विक्रम माझे मेसेज वाचतो पण उत्तर देत नाही. कोल्हापूरवाले दुसरा मुलगा बघायला लागलेत. मी त्यांना थांबवून धरलंय. महिन्यात आवाज आला नाही तरी चालेल, डबिंग नंतर करू म्हणतात. त्यानं फक्त यायला हवं."

"त्याच्या मनाचं हाय मॅडम."

"त्याच्या मनाचं असतं तर मी फोन केला नसता. गाण्यातून सिनेमात आलेली मुलं मी पुष्कळ पाहिली. बहुतेकांना फक्त दिसायचं असतं. हा वेगळा आहे, काका. आणि असा मुलगा पहिल्याच वर्षी शब्द देऊन मागं फिरला तर पुन्हा त्याला कोणी बोलवत नाही. तुमचं तो ऐकेल."

मी म्हटलं, बघतो. फोन ठेवल्यावर सुलक्षणा म्हणाली, "काय बगता? बारा गाड्या गावच्या हायती. पोरगं आपलं हाय." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण ती असं कधी बोलली नव्हती.

मान गेला तर वडिलांना काय तोंड दाखवू, असं मनात आलं. मग आलं, वडील कुठं आहेत तोंड बघायला? हा विचार वाईट होता म्हणून भैरवनाथाचं नाव घेतलं. नाव घेतलं तरी विचार गेला नाही.

१० एप्रिल, गुरुवार

दुपारी जेवून गिरणीवर परत आलो तर गिरणी चालू होती. सरूबाईंचं ज्वारीचं दळण विक्रमनं घातलं होतं. तो माझ्याकडं पाठ करून पोत्यावर बसला होता. पट्ट्याची फटफट चालली होती आणि त्या ठेक्यावर त्याचं बोट मांडीवर पडत होतं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मान मागंपुढं होत होती, एका जागी अडखळत होती, परत सुरू होत होती. तो गाणं म्हणत होता. नवं असणार, कारण मध्येच थांबून त्यानं हातावर पेनानं काहीतरी खोडलं.

मी दारातच उभा राहिलो. असे बिनआवाजाचे ओठ मी देवळात पाहिले आहेत, जपाला बसलेल्या माणसांचे. त्यांना हाक मारायची नसते. मीही मारली नाही.

मग त्यानं मला पाहिलं आणि झटकन हात शर्टाखाली घेतला. लहानपणी बोरं चोरून आणायचा तसा. देवाचा नेम पाळताना त्याला लपावं लागलं, आणि गाणं म्हणतानाही लपावं लागतं. दोन्ही वेळा माझ्यापासूनच.

त्या दिवशी ओठ कोणाचे हलले? माझे. मनात काही नव्हतं असं मी लिहिलं. मग मी उपाशीपोटी हळद का दळली? रंगाची पुडी तर आणलेली होती. हमीदाबाईंनी विचारलं तेव्हा मला राग आला, कारण त्यांचं उत्तर मला चालण्यासारखं नव्हतं. मला पोरगा हवा होता आणि मी देवाच्या हातानं त्याला धरलं.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी विक्रमला घेऊन नदीवर गेलो. पाण्याच्या कडेला बसलो. त्याला बोलायची मनाई आहे, म्हणजे मलाच बोलावं लागणार होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी सलग बोललो.

म्हटलं, "ती हळद तुझी नव्हती. मी तुला न विचारता लावली. जाणून लावली. मान जाऊ नये म्हनून. देवानं तुला बांधलं न्हाई, मी बांधलं. आन् माझं मी सोडतो."

त्यानं मोबाइल काढला. लिहिलं: मग आवाज?

"त्ये मला ठावं न्हाई. डॉक्टर म्हनतो वरडल्यानं गेला. मीबी बघितलंय तुला दिवसभर वरडताना. मला देवाचंच खरं वाटत हुतं, कारन मग माझ्या शब्दाला वजन आलं असतं. आता म्हनतो डॉक्टरचं ऐक."

त्यानं पाण्यात एक खडा टाकला. मग लिहिलं: मी नेम पाळला तो खोटा होता का?

मी म्हणालो, "त्यो तुझा हुता. लावली मी, पन पाळलास तू. देवानं त्यो तुझ्या नावावर घेतला असंल. पन त्याच्यासाठी गाड्या वढाया लागत न्हाईत."

त्याला अंघोळ घातली. पाठ मी चोळली. केवढा मोठा झाला आहे. घरी सुलक्षणानं मीठ घातलेली आमटी वाढली. पहिल्या घासाला त्यानं डोळे मिटले.

दुपारी इम्रान न्यायला आला. विक्रम येतोय म्हणून मॅडमना फोन मीच केला.

१२ एप्रिल, हनुमान जयंती, पौर्णिमा

साखळी खांद्यावर घेऊन देवळात गेलो. पोपटराव म्हणाले, "आन् मानूस?"

मी खंडूला हाक मारली.

गलका झाला. "फ्लेक्स छापून आलाय, त्याचं काय करायचं?" असं कोणीतरी ओरडलं. पोपटराव रागावले. "मच्छिंद्रा, पोराला शिनेमा लागतोय म्हनून मान सोडतोस व्हय? आज्जा-पंज्यापासनं चालत आलंय. उद्या म्हनशील तवा परत मिळायचा न्हाई."

म्हटलं, "ठावं हाय. परत मागनार न्हाई. विक्रमला दोष दिऊ नका, त्यो तयार हुता. मी सोडतोय."

खंडूला समोर बसवलं. आधी विचारलं, "खंडू, तुझ्या मनानं बसतोयस का? कुनाच्या सांगन्यावरनं न्हाई?" तो गोंधळला, हसला, म्हणाला, "माज्याच मनानं, आण्णा." मग हळद लावली. आजच पहाटे जात्यावर दळलेली. शब्द मी त्याच्या कानात सांगितले आणि म्हटलं, आता तूच म्हण. त्यानं म्हटले. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा नीट आले. ‘चांगभलं’चा गजर झाला.

साखळी त्याच्या घरी मीच पोचवली. गल्लीत लोक दारात येऊन बघत होते. खंडूची बायको नीलम हातातलं काम टाकून पुढं आली. साखळीला पदर लावून नमस्कार केला आणि घरात चारी बाजूंना बघायला लागली.

"भावजी, कुठं ठिवायची ही? तुमच्यात कशी असती? खुंटीला का देवापाशी? तोंड कुनीकडं करायचं?"

सांगायला मी तोंड उघडलं. मग मिटलं.

"आता तुमच्या घरात हाय," म्हणालो. "तुमीच ठरवा."

आणि घरी आलो.